४५ किलोमीटरनंतर पाय बंद पडतात. मग पुणे ते गणपतीपुळे कसं जमेल?

तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून आधी मला जे समजलं ते लिहिते. चुकलं असेल तर सांगा. वय ४३, शाळेत शिकवता, सिंहगड रोडला राहता. गिअरची हायब्रिड (रोडबाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधली) सायकल आहे, ग्रुपबरोबर रविवारी ३०-३५ किलोमीटर होतात. ६० करायचा प्रयत्न दोनदा केलात आणि दोन्ही वेळा ४५ च्या आसपास पाय बंद पडले, तळहात बधिर झाले, बसायची जागा दुखायला लागली. नाताळच्या सुट्टीत मावसभाऊ आणि दोन मैत्रिणींबरोबर ताम्हिणीतून कोकणात उतरून चार दिवसांत गणपतीपुळ्याला पोहोचायचंय. हाताशी बारा आठवडे आहेत. दम कसा वाढवू, सामान काय घेऊ आणि नवी रोडबाइक घेऊ का, असे तुमचे तीन प्रश्न. मावसभावाचा सल्ला, ‘दर रविवारी पाच-पाच किलोमीटर वाढव, आपोआप होईल.’

मावसभाऊ अगदीच चुकत नाहीत, पण तुमची अडचण दमाची आहे असं मला वाटत नाही. दम कमी पडला की माणूस चढावर धापा टाकतो, दोन मिनिटं थांबला की पुन्हा चालू लागतो. तुम्ही लिहिलंय की धाप लागत नव्हती, चिडचिड होत होती, डोकं जड झालं होतं आणि पुलावरचा साधा चढसुद्धा नकोसा वाटत होता. ही अंगातली साखर संपल्याची लक्षणं आहेत. सायकलवाले याला ‘बाँक झालं’ म्हणतात. हात आणि बसायची जागा दुखण्याचं कारण तिसरंच आहे, ते पुढे येईल.

काही गोष्टी मला इथे बसून सांगता येणार नाहीत. तुमची झोप, गुडघ्याची जुनी दुखणी, वजन, सायकलची फ्रेम तुमच्या मापाची आहे की दुकानात होती ती घेतली, यावर बरंच अवलंबून आहे. चाळिशी पार झालीय, तेव्हा रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बायका महिनोन्महिने ‘सराव कमी पडतोय’ म्हणत स्वतःला रेटत राहतात, आणि सरावाने ते भरून निघत नाही. चढावर छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर पुढचं सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

आता त्या ४५ किलोमीटरचा हिशोब. स्नायू आणि यकृत मिळून शरीरात साठवलेली साखर साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असते. रात्रभराच्या उपासाने यकृतातला साठा बराच उतरलेला असतो. तुम्ही साडेपाचला चहा आणि दोन बिस्किटांवर निघता, ग्रुपबरोबर ताशी २३-२४ च्या वेगाने जाता आणि नाश्ता परतल्यावर मिसळीच्या टपरीवर करता. म्हणजे दोन तास जोरात पेडल मारताना पोटात जवळजवळ काहीच जात नाही. जोराच्या श्रमात हा साठा दीड-दोन तासांत तळाला जातो. ताशी २३ ने दोन तास म्हणजे किती किलोमीटर? पाय नेमके तिथेच थांबले. हा आकडा तुमच्या कुवतीची हद्द सांगत नाही. वेग आणि नाश्ता बदला, आकडा आपोआप पुढे सरकेल.

वेगाबद्दल थोडं लांबवते, कारण इथेच बहुतेकांचं बिनसतं. सपाटीवर सायकलस्वाराची बरीचशी ताकद हवा कापण्यात जाते, आणि त्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी २० वरून २४ वर गेलात तर वेग २० टक्क्यांनी वाढतो, पण हवेसाठीचा खर्च ७० टक्क्यांच्या आसपास वाढतो. ग्रुपमधल्या पोरांच्या मागे लागून पहिल्या तासात मिळवलेली दहा मिनिटं तिसऱ्या तासात व्याजासकट परत द्यावी लागतात. वेग बरोबर आहे की नाही हे ओळखायला घड्याळ लागत नाही. शेजारच्या सायकलवालीशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता येतायत का, एवढं बघा. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर जोर जास्त होतोय. या गप्पांच्या वेगात शरीर चरबीतून जास्त ऊर्जा काढतं आणि साखर पुरवून वापरतं. आठवड्यामागून आठवडे त्याच वेगात चालवलं की ही सवय पक्की होते. लांब पल्ल्याची तयारी म्हणतात ती मुख्यतः हीच.

हळू चालवलं तर पोहोचणार कधी, अशी धास्ती असेल तर ब्रेव्हेची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडची, वेळमर्यादा बघा. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास देतात. खाणं, पंक्चर, सह्या-शिक्के सगळं धरून ताशी १५ किलोमीटरही पडत नाही. मी गेली काही वर्षं या ब्रेव्हे करते. शेवटच्या टप्प्यात हसत बोलत येणारे लोक बहुतेक वेळा सकाळी सगळ्यांत मागे असलेले असतात. तुमच्या दिवसाला तर १०० च्या आतबाहेरच आहेत.

खाण्याचं गणित सोपं आहे. दीड तासाच्या वरच्या राइडला दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. चहाचा चमचा साखरेचा म्हणजे पाच ग्रॅम, गुळाच्या खड्याचंही साधारण तेच. निघण्याआधी अर्धी वाटी पोहे किंवा गूळ-तूप-पोळीचा एक रोल, मग पहिलं खाणं पाऊण तासाने. भूक लागायची वाट बघू नका, ती उशिरा लागते. शेंगदाण्याची चिक्की सगळे आणतात आणि ती चांगलीच असते, पण दाण्यातल्या चरबीमुळे ती पचायला वेळ घेते. पाय जड व्हायला लागल्यावर चिक्की खाऊन उपयोग नाही, तेव्हा केळं, खजूर, गूळ किंवा सरळ साखरेचं सरबत. जेल आणि महागड्या बारांची तुम्हाला गरज नाही. हवीच असतील तर सरावात आधी खाऊन बघा. काहींचं पोट त्याने बिघडतं, आणि ते ताम्हिणीत कळून चालणार नाही.

पाण्यात मीठ हवं. घाट उतरला की डिसेंबरातही कोकणातली दुपार घामाने निथळायला लावते. टी-शर्टवर पांढरे पट्टे उठत असतील तर तुमच्या घामातून मीठ जरा जास्तच जातंय. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ आणि लिंबू, हे जुलाबावरचं घरगुती पाणी सायकलवरही चालतं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर मिठाचं डॉक्टरांना विचारा. नुसतं साधं पाणी घटाघटा पीत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरतं, तेही धोक्याचं. शहाळं मस्त असतं, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, म्हणून सोबत चिमूटभर मीठ घ्यावं. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी धरा.

इथे एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण मी विचारतेच. रस्त्यात सोय नसते म्हणून तुम्ही पाणी कमी पिता का? माझ्याबरोबर येणाऱ्या बहुतेक बायका सुरुवातीला तेच करतात, आणि मग अकरा वाजता डोकं दुखतं, पायात गोळे येतात. उपाय आधीच करायचा. मुक्काम ठरवताना पेट्रोल पंप, एसटी स्टँड, बसून जेवायची हॉटेलं नकाशावर टिपून ठेवा आणि दर दोन तासांनी त्यांपैकी एका ठिकाणी थांबा, गरज असो वा नसो. कोकणात एखाद्या घरी विचारलं तर सहसा नाही म्हणत नाहीत. मावसभावालाही हे वेळापत्रक आधीच सांगून ठेवा, म्हणजे ‘आता कशाला थांबायचं’ हा वाद रस्त्यात होणार नाही.

आता बारा आठवडे. मधल्या दिवसांत दोन सकाळी पाऊण ते एक तास, एक सपाटीवर गप्पांच्या वेगात, दुसरी थोड्या चढाची. रविवारची राइड ४०, ४५, ५० अशी वाढवा, चौथ्या रविवारी ३५ वर या. मग ५५, ६५, ७० आणि पुन्हा ४५. दर चौथा आठवडा हलका ठेवायचा, कारण स्नायू आणि अस्थिबंध विश्रांतीत भरून येतात. गुडघ्याची दुखणी मी जास्त पाहिलीत ती सलग सहा-सात आठवडे वाढवत नेणाऱ्यांत. हलके आठवडे सोडले तर या आठ आठवड्यांत एकूण अंतरात दहा-पंधरा टक्क्यांहून मोठी उडी नको.

नवव्या आठवड्यापासून एक बदल करा. तुमची सहल चार दिवसांची आहे, त्यामुळे एका दिवसात किती जाता येतं यापेक्षा काल ९० केल्यावर आज सकाळी पुन्हा सायकलवर बसवतं का, हे महत्त्वाचं. म्हणून नवव्या आठवड्यात शनिवारी ५० आणि रविवारी ६०. दहाव्यात एकच लांब राइड, ९० ची. अकराव्यात पुन्हा जोडून ६० आणि ५०, या वेळी सगळं सामान लादून. बाराव्यात फक्त दोनदा तासभर, बाकी झोप. म्हणजे सहलीआधी तुम्ही १०० कधीच केलेले नसतील, आणि त्याने काही बिघडत नाही. ९० आरामात झाले असतील तर १०५ होतात.

रस्ते तुमच्या दारातच आहेत. ७० साठी पानशेतपर्यंत जाऊन परत या, तो रस्ता धरणाच्या कडेने सारखा वरखाली होतो आणि कोकणची चांगली रंगीत तालीम होते. ९० साठी पौडमार्गे मुळशी धरण आणि परत. हाच तुमच्या पहिल्या दिवसाचा पहिला टप्पा आहे, तो ओळखीचा झालेला बरा. सिंहगडाचा घाट जवळ आहे म्हणून दर आठवड्याला त्याच्यावर तुटून पडू नका. तो फार उभा आहे, नव्याने चढणाऱ्याचे गुडघे तिथे जड गिअर रेटून दुखावतात. शिवाय रविवारी सकाळी गाड्यांची गर्दी. त्यापेक्षा बोपदेव किंवा कात्रजचा जुना घाट.

चढावर गिअर आधी हलका करायचा, पाय अडल्यावर नव्हे. पुढची छोटी चकती, मागची मोठी, आणि पाय मिनिटाला ७०-८० फेऱ्या सहज फिरतील असं. मैत्रीण जड गिअरवर उभी राहून पुढे गेली तर जाऊ द्या. कोकण सपाट असतं हा गैरसमज घेऊन जाऊ नका. सागरी मार्ग प्रत्येक खाडीला समुद्रसपाटीवर उतरतो आणि पलीकडे पुन्हा सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर चढतो. उतारावर कमावलेलं सगळं लगेच परत द्यावं लागतं. सगळ्या चढांची बेरीज केली तर दिवसाला हजार मीटरच्या घरात सहज जाते.

तुमच्या आखणीत पहिल्याच दिवशी थेट दिवेआगर आहे. ते नको. ताम्हिणी उतरून विळे, निजामपूर करत माणगावला पोहोचेपर्यंत १०० च्या वर होतात, तिथेच मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर करून बागमांडल्याला फेरीबोट धरायची, पलीकडे वेश्वीला उतरायचं आणि केळशी किंवा आंजर्ल्यापर्यंत जायचं. तिसऱ्या दिवशी हर्णै, दापोली, दाभोळ, तिथून फेरीने धोपावे आणि गुहागर. हा दिवसही जड. चौथ्या दिवशी हेदवीवरून तवसाळ, जयगडची फेरी आणि गणपतीपुळे, हा छोटा दिवस आहे. फेरीबोटींच्या वेळा आदल्या दिवशी फोन करून विचारा. बोट चुकली तर तास गेला, आणि खाडीला वळसा घालून जाणं सायकलवर परवडत नाही. परतीचं वाहनही आत्ताच ठरवा. चार सायकली आयत्या वेळी कुठल्याही बसमध्ये मावत नाहीत.

ताम्हिणीचा विळ्याकडचा उतार तीव्र आणि वळणांचा आहे. ब्रेक सतत धरून उतरू नका, रिम तापते. वळणाआधी दोन्ही ब्रेक दाबून वेग कमी करा, वळणात सोडा. मागच्या पिशव्यांच्या वजनाने सायकल थांबायला जास्त अंतर घेते. म्हणूनच लादून सराव करा म्हणाले.

आता हात आणि बसायची जागा. तळहात बधिर होतात ते बहुधा हातांवर जास्त भार आल्याने. करंगळीच्या बाजूची नस हँडलवर दाबली जाते. बैठकीचं, म्हणजे सायकलच्या सीटचं, टोक खाली झुकलेलं असेल तर अंग पुढे घसरतं आणि हात ते वजन थोपवत राहतात. आधी बैठक पातळीत आहे का बघा. मग उंची: टाच पेडलवर ठेवून पेडल सगळ्यांत खाली नेलं की पाय सरळ व्हायला हवा, म्हणजे चवड्याने चालवताना गुडघ्यात थोडा वाक उरतो. गुडघ्याच्या पुढे दुखत असेल तर बैठक बहुधा खाली आहे, मागे दुखत असेल तर वर. एका वेळी चार-पाच मिलिमीटरच हलवा आणि आठवडाभर चालवून बघा. हँडलवर हाताच्या जागा बदलत राहा, दर दहा-पंधरा मिनिटांनी उभ्या राहून दहा पेडल मारा.

बैठकीवर जेलचं मऊ कव्हर असेल तर लगेच काढून टाका. मऊ गादीत हाडं रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो, त्यामुळे तासाभरानंतर उलट जास्त दुखतं. बायकांची बसायची हाडं साधारणपणे जास्त रुंद असतात, कंपनीने बसवलेली अरुंद बैठक त्यांना पुरत नाही. पैसे खर्चायचेच असतील तर रुंदी मोजून घेतलेली बैठक आणि चांगल्या पॅडेड शॉर्ट्स यांवर खर्चा. या शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नाही. शिवण घासते आणि दुसऱ्या दिवशी बसवत नाही. पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. पाळीच्या तारखा सहलीत येत असतील तर आत्ताच्या सरावात त्याच दिवसांत एकदा लांब चालवून बघा, म्हणजे काय सोयीचं पडतं ते तुमचं तुम्हाला कळेल.

थोडक्यात, सामानाकडे वळण्याआधी: वेग गप्पांचा, खाणं पाऊण तासाने सुरू, बैठक पातळीत, दर चौथा आठवडा हलका, शेवटी जोडून दोन दिवस.

सामान किती, याचं उत्तर घाटात मिळतं. चढावर वेळ साधारण एकूण वजनाच्या प्रमाणात वाढतो. तुम्ही ५८ किलो आणि सायकल १३ धरली तर ७१ झाले. त्यावर सात किलो चढवले की तासाभराच्या चढाला सहाएक मिनिटं जास्त. सहा मिनिटं ऐकायला थोडी वाटतात, पण सागरी मार्गावर असे चढ दिवसभर येतात. पाणी सोडून सामान पाच-सहा किलोंच्या आत ठेवा. तुमच्या यादीतली जीन्स, बूट, हेअर ड्रायर आणि ‘लागलीच तर’ म्हणून घेतलेला तिसरा टॉवेल घरी राहू दे. पाठीवर सॅक घेऊच नका. तिचा सगळा भार बैठकीवर आणि मानेवर येतो, शिवाय पाठ घामाने भिजते. मागे कॅरिअर लावून दोन बाजूंना पिशव्या, दोन्हीकडे सारखं वजन, जड वस्तू तळाशी. कॅरिअर बसवायला फ्रेमवर मागच्या चाकाच्या आसाजवळ भोकं आहेत का ते बघा. नसतील तर बैठकीच्या मागे लटकणारी लांब पिशवी घ्या, पण मग सामान तीन-चार किलोंतच बसवावं लागेल. आतलं सगळं जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत. पट्ट्यांची लोंबती टोकं बांधा किंवा कापा, ती चाकात गेली की सायकल जागच्या जागी थांबते आणि आपण पुढे जातो.

कपडे: सायकलचे दोन जोड, संध्याकाळचा एक सैल जोड, हलक्या चपला, बाह्यांचे स्लीव्ह्ज, पहाटेच्या मुळशीकडच्या गारठ्याला पातळ जॅकेट. रोज संध्याकाळी धुवायचं. कोकणच्या दमट हवेत शॉर्ट्सचं पॅड रात्रीत वाळत नाही, आणि ओल्या पॅडवर बसलं की कातडी सोलते. त्यावर उपाय आहे. धुतलेली शॉर्ट्स कोरड्या टॉवेलवर आडवी पसरा, टॉवेलसकट घट्ट गुंडाळी करा आणि तिच्यावर चक्क उभ्या राहा. टॉवेल पाणी ओढून घेतो. मग पंख्याखाली पॅडची बाजू वर करून टांगली की सकाळपर्यंत वाळते.

दुरुस्तीचं सामान चौघांत वाटून घ्या, पण ट्यूब प्रत्येकीच्या दोन. तुमच्या हायब्रिडचा टायर ७०० मापाचा, मैत्रिणीच्या माउंटन बाइकचा २७.५ मापाचा असेल तर एकीची ट्यूब दुसरीला चालणार नाही. शिवाय टायर लिव्हर (टायर उचकटायच्या पट्ट्या), पॅच, छोटा पंप, साखळी तोडायच्या अवजारासकट मल्टिटूल, तुमच्या साखळीच्या मापाची क्विक लिंक (तुटलेली साखळी जोडायची कडी), ब्रेक पॅडची एक जोडी, चार-पाच झिप टाय, तेलाची छोटी बाटली. वॉल्व्ह बघून ठेवा. बारीक फ्रेंच वॉल्व्ह असेल तर रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याची हवेची नळी त्याला बसत नाही, कारण ती मोटारसायकलच्या जाड वॉल्व्हसाठी असते. बोटाच्या पेराएवढा पितळी अडॅप्टर मिळतो, तो वॉल्व्हलाच लावून ठेवा.

आणि पंक्चर काढायला घरी शिका, शेजाऱ्यांसमोर हात काळे झाले तरी चालतील. बहुतेक जण ट्यूब बदलतात आणि दहा मिनिटांत पुन्हा बसतात, कारण टोचलेली वस्तू टायरमध्येच असते. महामार्गावर ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसासारख्या बारीक तारा पडलेल्या असतात. त्या बाहेरून दिसत नाहीत. म्हणून टायर बसवताना त्याच्यावरचं कंपनीचं नाव नेहमी वॉल्व्हच्या समोर येईल असं बसवा. पंक्चर झाल्यावर ट्यूब काढली की तिच्यात हवा भरून भोक शोधा, वॉल्व्हपासून ते किती अंतरावर आहे ते मोजा आणि टायरवर त्याच नावापासून तेवढ्याच अंतरावर, दोन्ही बाजूंना, आतून बोट फिरवा. हळू फिरवा, तार बोटात घुसते. ती चिमट्याने ओढून काढा, मगच नवी ट्यूब. चिमटा म्हणूनच सामानात हवा, भुवयांचा चालतो. टायरच चिरला असेल तर टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा तुकडा आतून लावला की मुक्कामापर्यंत निभावतं.

बाकीचं पटकन: हेल्मेट, मागचा लाल दिवा दिवसाही चालू, पुढचा दिवा, पॉवर बँक, आधार कार्ड, रोख पैसे, कारण सड्यावर रेंज गेली की मोबाइलवरून पैसे जात नाहीत. तुमची रोजची औषधं, मीठ-साखरेची पाकिटं, बँडेज, सनस्क्रीन. ब्रूफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या ‘आधीच घेऊन ठेवते’ म्हणत रोज सकाळी घेऊ नका. अंगात पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडावर ताण देतात.

राहिला रोडबाइकचा प्रश्न. या सहलीसाठी घेऊ नका. बारीक टायर, पुढे वाकून बसावं लागतं, बहुतेक फ्रेमवर कॅरिअरची सोय नाही, आणि तिची सवय व्हायलाच दोन-तीन महिने जातात. तुमच्या हायब्रिडचे ३५-४० मिलिमीटरचे टायर कोकणातल्या खडबडीत रस्त्यांना जास्त चांगले. तिच्यावर सर्व्हिसिंगचा खर्च करा. साखळी किती ताणली गेलीय ते मोजून घ्या, गिअर आणि ब्रेकच्या केबल बदला, टायर झिजले असतील तर नवे बसवा. हे सगळं दहाव्या आठवड्याच्या ९० च्या राइडआधी करा. नवी केबल पहिल्या काही दिवसांत सैलावते, गिअर पुन्हा लावून घ्यावे लागतात, आणि त्यासाठी मेकॅनिक पुण्यात हाताशी आहे तोवरच वेळ आहे.